फॉर्म्युला उडू नये आणि नोंदही अडू नये, यासाठी एक्सेलची शीट कशी बांधावी

नमस्कार सचिवसाहेब,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर दोन मुलं आळीपाळीनं एक्सेलमध्ये नोंद करतात. ती लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) भरतात. दर आणि रक्कम फॉर्म्युल्यानं येते. दर दहा दिवसांच्या बिलात कुठे ना कुठे एखादा फॉर्म्युला उडालेला सापडतो. म्हणून तुम्ही शीट प्रोटेक्ट केली, तर लिटरसुद्धा टाईप होईना. शेवटी प्रोटेक्शन काढून टाकलं आणि गाडी मूळ पदावर आली. फॉर्म्युला बंद आणि नोंद चालू, असं जमतं का?

जमतं. मी वीसेक वर्षं दूध संस्था आणि पतसंस्थांना असल्या शीट बांधून देतोय, आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ठिकाणी निघतो. मात्र यात दोन गाठी आहेत. एक एक्सेलची आहे, ती पाच मिनिटांत सुटते. दुसरी शीटच्या बांधणीची आहे. ती सोडवली नाही तर कुलूप लावूनही महिन्याभरात कुणीतरी तुमच्याकडे पासवर्ड मागायला येईल.

आधी एक्सेलची गाठ. एक्सेलमधला प्रत्येक सेल जन्मापासूनच 'लॉक्ड' असतो. कोरी शीट उघडा, कुठल्याही सेलवर कंट्रोल आणि १ दाबा, 'प्रोटेक्शन' टॅबवर जा. 'लॉक्ड'समोर बरोबरची खूण दिसेलच. ही खूण एरवी काहीच करत नाही. शीट प्रोटेक्ट केली की ती जागी होते. म्हणून तुम्ही 'प्रोटेक्ट शीट' केल्यावर सगळंच बंद झालं. आपलं काम कुलूप लावायचं नाही, ते लागलेलंच आहे. जिथे नोंद करायची तेवढ्याच जागा आधी मोकळ्या करायच्या आणि मग शीट प्रोटेक्ट करायची.

आता दुसरी गाठ. ही एका प्रसंगातूनच सांगतो, कारण मला स्वतःला ती तिथेच कळली.

एका संस्थेत सकाळच्या पाळीला फॅट मशीन बंद पडलं. फॅटचा रकाना रिकामा, म्हणून दर येईना, दर नाही म्हणून रक्कमही येईना. नोंदीवरच्या मुलानं आदल्या दिवशीचा ३६.५० रुपये दर धरला, कॅलक्युलेटरवर ९.८ लिटरचे ३५७.७० काढले आणि रकमेच्या सेलमध्ये सरळ टाईप केले. त्या सकाळपुरतं त्याचं काहीही चुकलं नव्हतं. दूध दारात, मागे रांग, आणि सभासदाच्या हातात पावती तर द्यायलाच हवी. पण दहा दिवसांनी तीच फाईल 'सेव्ह अ‍ॅज' करून पुढच्या बिलाला घेतली. जुने लिटर आणि फॅट पुसले. रकमेच्या रकान्यात सगळीकडे फॉर्म्युले आहेत या समजुतीनं त्याला कुणी हात लावला नाही. तो एक सेल मात्र तसाच, ३५७.७० वर थिजलेला. पुढच्या खेपेला त्याच ओळीत १२.४ लिटर दूध आलं. त्याच दरानं ४५२.६० व्हायला हवे होते. बिलात लागले ३५७.७०. चौऱ्याण्णव रुपये नव्वद पैसे कमी. त्याच्या पुढच्या बिलातही पुन्हा तोच आकडा.

हे कुणाला सापडलं, तर त्या घरच्या आजींना. त्या पंचांगाशेजारी एक वही ठेवून रोजचं लिटर लिहायच्या. ती वही घेऊन त्या संस्थेत आल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या दिवशीचं दूध जास्त, मग पैसं तेवढंच कसं?" आम्ही तासभर शीट चाळली. टाईप केलेला आकडा आणि फॉर्म्युल्यातून आलेला आकडा दिसायला अगदी सारखेच असतात. सेलवर क्लिक करून वरच्या पट्टीत पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

तेव्हापासून मी आधी एक गोष्ट शोधतो: या माणसाला फॉर्म्युल्यावर टाईप करायची वेळ का येते? बहुतेक वेळा कारण निष्काळजीपणा नसतं. रोजच्या कामात अडचण येते आणि ती नोंदवायला शीटमध्ये जागा नसते. मशीन बंद पडतं, दूध नासतं, एखाद्या ओळीचा दर पंचांनी वेगळा ठरवलेला असतो. अशा वेळी कुलूपबंद शीट समोर असेल तर मुलगा कागदावर लिहून ठेवेल किंवा पासवर्ड मागेल. म्हणून कुलूप लावायच्या आधी अपवादाला दार ठेवा.

माझी पद्धत अशी. दराच्या शेजारी 'हाती दर' नावाचा एक रकाना घालतो आणि शेवटी 'शेरा'. दोन्ही मोकळे. दराच्या फॉर्म्युल्याला सांगायचं, 'हाती दर' भरलेला असेल तर तोच घे, नसेल तर दरपत्रकातून शोध. इफचा साधा फॉर्म्युला आहे. मशीन बंद पडलं की मुलगा हाती दर ३६.५० टाकतो, शेऱ्यात 'मशीन बंद' लिहितो, आणि रक्कम तरीही फॉर्म्युल्यातूनच निघते. पुढच्या बिलाला नोंदीचे रकाने पुसले की हाती दरही पुसला जातो, मागे काही थिजून राहत नाही. शिवाय महिन्यात किती वेळा आणि का हाती दर लावला, हे तुम्हाला एका फिल्टरवर दिसतं.

एवढं झालं की कुलूप. नेटवर एक रीत फार सांगितली जाते: सगळी शीट अनलॉक करा, मग फॉर्म्युले निवडून तेवढेच लॉक करा. चालतं, पण मला ते पटत नाही. त्यात मथळे, सभासद क्रमांक, नावं आणि उजवीकडची सगळी कोरी जागा उघडी राहते. मी उलट करतो. सगळं लॉक्डच राहू द्यायचं आणि फक्त नोंदीचे रकाने मोकळे करायचे.

लिटरच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचा भाग निवडा. कंट्रोल दाबून धरून फॅटचा, एसएनएफचा, हाती दराचा आणि शेऱ्याचा तेवढाच भाग निवडा. कंट्रोल आणि १, 'प्रोटेक्शन' टॅब, 'लॉक्ड'ची खूण काढा, ओके. निवड तशीच असताना त्या भागाला फिका पिवळा रंग भरा. पिवळं दिसलं की टाईप करायचं, पांढऱ्याला हात लावायचा नाही; नवीन मुलाला एवढं एका वाक्यात शिकवता येतं. मग 'रिव्ह्यू'मध्ये 'प्रोटेक्ट शीट', पासवर्ड, दोनदा. झालं.

फॉर्म्युला दिसूही नये असं वाटत असेल तर त्याच 'प्रोटेक्शन' टॅबवर 'हिडन' आहे. दूध संस्थेत मी ते वापरत नाही. दर कसा निघतो हे संचालकाला किंवा हिशेब तपासनीसाला सेलवर क्लिक करून पाहता आलं पाहिजे.

'प्रोटेक्ट शीट'च्या खिडकीत एक लांबलचक यादी येते, तिथे घाई करू नका. पहिल्या दोन खुणा लॉक्ड आणि अनलॉक्ड सेल निवडता येण्याबद्दल असतात. पहिली, म्हणजे लॉक्ड सेल निवडण्याची खूण काढली तर कर्सर पांढऱ्या सेलवर जातच नाही. संकलनाच्या गर्दीत हे बरं पडतं. मग कार्यालयात फॉर्म्युला पाहायचा तर प्रोटेक्शन काढावं लागतं, हा त्यातला तोटा. केंद्रावर फक्त नोंद होत असेल तर काढा. त्याच संगणकावर बिलंही तपासली जात असतील तर ठेवा. खूण ठेवा किंवा काढा, प्रोटेक्ट केलेल्या शीटवर टॅब दाबलं की कर्सर एका मोकळ्या सेलवरून पुढच्या मोकळ्या सेलवर जातो. लिटर, टॅब, फॅट, टॅब, एसएनएफ, टॅब. मुलांचा वेग वाढतो आणि प्रोटेक्शनबद्दलची कुरकुरही थांबते.

त्याच यादीत 'सॉर्ट' आहे आणि तिथे बरेच जण फसतात. 'सॉर्ट'ला परवानगी दिली तरी ज्या भागात एकही लॉक्ड सेल आहे तो भाग सॉर्ट होत नाही. तुमच्या ओळीत रक्कम लॉक्ड आहे, म्हणजे नोंदीची शीट सॉर्ट होणार नाहीच. फिल्टर मात्र चालतो, पण तो प्रोटेक्ट करायच्या आधी लावलेला हवा आणि 'यूज ऑटोफिल्टर'वर खूण हवी. क्रमवार यादी लागत असेल तर वेगळी शीट करून तिथे आकडे ओढून घ्या.

ओळी वाढवण्याचंही असंच. कंट्रोल आणि टी दाबून केलेलं टेबल एरवी खाली टाईप केलं की आपोआप वाढतं आणि फॉर्म्युला उतरवतं. प्रोटेक्ट केलेल्या शीटवर ते वाढत नाही. त्यामुळे लागणाऱ्या ओळी आधीच तयार ठेवाव्या लागतात. समजा १५० सभासद, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, दहा दिवस. म्हणजे ३००० ओळी. वर शंभर-दोनशे ओळी जास्तीच्या ठेवा. सगळ्या ओळींत फॉर्म्युला उतरवा, लिटर रिकामं असेल तर रक्कमही रिकामी दिसावी अशी अट घाला, मग कुलूप लावा. एक्सेलला ३००० ओळी म्हणजे काहीच नाही.

आता ज्या दोन फटीतून कुलूपबंद शीटसुद्धा बिघडते, त्या सांगतो. माझ्या मते तुमच्यासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पहिली फट कट-पेस्टची. मुलानं लिटर चुकून दुसऱ्या सभासदाच्या ओळीत टाकलं. दुरुस्त करायला त्यानं तो सेल कट करून योग्य ओळीत पेस्ट केला, किंवा माऊसनं ओढून नेला. दोन्ही सेल मोकळे असल्यामुळे एक्सेल अडवत नाही. पण कट केलं की ज्या फॉर्म्युल्यात त्या सेलचा पत्ता आहे, तो फॉर्म्युला त्याच्या मागोमाग जातो. आणि जिथे पेस्ट झालं तिथला जुना पत्ता धरून बसलेल्या फॉर्म्युल्यात 'रेफ'ची, म्हणजे पत्ता हरवल्याची, चूक उमटते. कुलूप शाबूत, फॉर्म्युला मोडलेला. यावर साधा उपाय म्हणजे मुलांना कट करायचं नाही असं सांगणं: चुकीचा आकडा डिलीट करा, योग्य जागी नव्यानं टाईप करा. माऊसनं ओढणं मात्र 'ऑप्शन्स'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात बंद करता येतं. तिथे 'फिल हँडल आणि सेल ड्रॅग अँड ड्रॉप'ची खूण काढायची. ही सेटिंग फाईलमध्ये जात नाही, त्या संगणकावरच्या एक्सेललाच लागते, म्हणून दोन्ही संगणकांवर करा.

दुसरी फट पेस्टची. दुसऱ्या फाईलमधून आकडे कॉपी करून पिवळ्या सेलमध्ये साधं पेस्ट केलं, तर आकड्याबरोबर त्या सेलचं रूपही येतं, आणि त्या रूपात 'लॉक्ड' ही खूणही असते. परिणाम असा, की पेस्ट झालेला पिवळा सेल पांढरा होऊन बंद पडतो. "काल चालत होतं, आज टाईप होत नाही" अशी तक्रार आली तर पहिला संशय इथे घ्या. पेस्ट करायचंच असेल तर 'पेस्ट स्पेशल'मधून फक्त 'व्हॅल्यूज'.

पेस्टचा आणखी एक त्रास डेटा व्हॅलिडेशनबाबत, म्हणजे भरलेला आकडा ठरलेल्या मर्यादेत आहे का हे तपासणाऱ्या एक्सेलच्या सोयीबाबत आहे. व्हॅलिडेशन तुम्ही लावलं नसेल तर जरूर लावा. फॉर्म्युला सुखरूप असला तरी फॅटमध्ये ३.५ ऐवजी ३५ पडलं तर पैसे चुकणारच, आणि तसं पडतं, कारण पहाटे पाच वाजता कीबोर्डवरचा टिंब निसटतो. फॅटच्या रकान्याला 'डेसिमल' अट लावा आणि तुमच्या दरपत्रकातली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त फॅट या मर्यादा द्या. इथे अट कडक, म्हणजे 'स्टॉप' ठेवा. लिटरला मात्र 'वॉर्निंग' ठेवा. एखाद्याकडे खरोखरच नेहमीपेक्षा जास्त दूध येऊ शकतं. एक्सेलनं विचारावं, अडवू नये. चूक झाल्यावर दिसणारा संदेश मराठीत लिहा: 'फॅट टिंब देऊन भरा, जसे ३.५'. हे व्हॅलिडेशन फक्त टाईप केलेलं तपासतं. पेस्ट केलेला आकडा ते पाहत नाही, उलट साध्या पेस्टनं अटच पुसली जाते. म्हणून पुन्हा तेच, पेस्ट नको.

दरपत्रकाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगितलंच पाहिजे. फॉर्म्युला ज्या तक्त्यातून दर उचलतो तो तक्ता उघडा असेल तर फॉर्म्युल्याच्या कुलपाला अर्थ नाही. दरपत्रक वेगळ्या शीटवर न्या, ती शीट पूर्ण बंद ठेवा, पासवर्ड फक्त तुमच्याकडे. आणि दर बदलला की जुन्या दरावर नवा टाईप करू नका. गायीच्या ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा दर महिन्याच्या मध्ये बदलला आणि तुम्ही तोच सेल बदललात, तर बिलातल्या आधीच्या दिवसांच्या रकमाही त्या क्षणी बदलतात. सभासदाच्या हातातली पावती एक सांगते, शीट दुसरं. नव्या दरासाठी 'लागू तारीख' असलेला नवा तक्ता करा आणि फॉर्म्युल्याला नोंदीची तारीख पाहून तक्ता निवडायला लावा. थोडी मेहनत आहे, पण बिलाच्या दिवशीचा वाद वाचतो. सगळ्या शीट एका फाईलमध्ये असतील तर 'प्रोटेक्ट वर्कबुक'ही करा, म्हणजे कुणाच्या हातून दरपत्रकाची शीटच डिलीट होणार नाही.

पासवर्डबद्दल स्पष्ट बोलतो. शीटचा पासवर्ड हा चुकीचा हात थांबवण्यासाठी आहे, ठरवून मोडणाऱ्यासाठी नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की शीट प्रोटेक्शन ही सुरक्षेची सोय नव्हे. ज्याला माहिती आहे तो ते काढू शकतो. तेव्हा कुणी मुद्दाम रकमा बदलतंय असा संशय असेल तर हा उपाय त्यावरचा नाही. तिथे रोजच्या नोंदीची छापील प्रत सहीनिशी ठेवणं आणि फाईलची प्रत रोज दुसरीकडे जाणं हेच उपयोगी. फाईल उघडायलाच पासवर्ड लावणं हे वेगळं आणि पक्कं आहे, पण तो विसरलात तर फाईल गेली असं समजा. दोन्ही पासवर्ड कागदावर लिहून संस्थेच्या तिजोरीत ठेवा. सचिव बदलल्यावर शीट दुरुस्त करता न आल्यानं सगळी फाईल नव्यानं बांधावी लागलेल्या दोन संस्था मी पाहिल्या आहेत.

कुलपाबरोबर एक पहारेकरीही ठेवतो. रकमेचा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचा भाग निवडून 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मध्ये फॉर्म्युल्यावर चालणारा नवीन नियम करायचा: बरोबर चिन्ह, नॉट, कंस, इजफॉर्म्युला, कंस, आणि त्यात रकमेच्या पहिल्या सेलचा पत्ता डॉलरच्या खुणांशिवाय, मग दोन्ही कंस बंद. रंग लाल. आता प्रोटेक्शन काढलेलं असताना कुणी रकमेवर आकडा टाईप केला तर तो सेल तिथल्या तिथे लाल होतो. सेलमध्ये फॉर्म्युला आहे की नाही हे सांगणारं इजफॉर्म्युला हे फंक्शन एक्सेल २०१३ पासून आहे. हाच नियम दराच्या रकान्यालाही लावा. आजींची वही येईपर्यंत थांबावं लागलं नसतं, जर हा नियम मी तेव्हा लावला असता.

तुम्ही गुगल शीट्सवर जायचा विचार करताय असंही लिहिलंय. तिथे 'डेटा'मध्ये 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस' आहे. शीट प्रोटेक्ट करून 'एक्सेप्ट सर्टन सेल्स'मध्ये नोंदीचे रकाने द्यायचे. तिथे पासवर्ड नसतो, कोणत्या ईमेलला बदल करता येईल हे ठरवायचं असतं. त्यामुळे एक चूक फार होते. फाईल संस्थेच्या ईमेलवर बनवलेली आणि मुलंही त्याच ईमेलनं आत येतात. फाईलच्या मालकाला प्रोटेक्शन अडवतच नाही, मग ते लावून उपयोग शून्य. मुलांना त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर फाईल शेअर करा. तिथला मोठा फायदा म्हणजे 'व्हर्जन हिस्टरी', कुणी कधी काय बदललं ते दिसतं. केंद्रावर इंटरनेट भरवशाचं नसेल तर मात्र मी एक्सेलवरच थांबेन. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना रीत हीच आहे. सेलच्या फॉरमॅटमध्ये 'सेल प्रोटेक्शन' आणि 'टूल्स'मध्ये 'प्रोटेक्ट शीट'.

सगळं झाल्यावर फाईलची एक प्रत काढा आणि ती मोडायला मुलांनाच बसवा, दहा मिनिटं. रकमेवर टाईप करून बघू दे. फॅटमध्ये ३५ टाकू दे. लिटरचा एक आकडा कट करून खालच्या ओळीत पेस्ट करू दे आणि 'रेफ' कसं दिसतं ते त्यांच्या डोळ्यांनी पाहू दे. मशीन बंद आहे असं धरून एक नोंद हाती दरानं करायला सांगा. या नोंदीत मुलगा कुठे अडखळतो ते शेजारी उभं राहून बघा. तिथला रकाना तुमच्या शीटमध्ये अजून कमी आहे.